थोरली अजून फाटकापाशीच आहे

तीर्थस्वरूप भावोजींना शिरसाष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे आठांपैकी सातच अंगं टेकली आहेत, आठवं टेकलं असं धरून चालावं.)

आम्ही दोघं इकडे ठीक आहोत. तुम्हीही तिकडे ठीक आहात असं तुमच्या मागच्या पत्रात लिहिलं आहे, पण त्यावर माझा फारसा विश्वास बसलेला नाही. 'प्रकृती उत्तम' हे दोन शब्द तुम्ही इतके दाबून लिहिलेत की पेनाचं टोक मागच्या बाजूला उमटलं. ज्याची प्रकृती खरंच उत्तम असते तो प्रकृतीबद्दल अवाक्षर काढत नाही. शिवाय ताई फोनवर म्हणाली की तुम्ही हल्ली रोज सकाळी फिरायला जाता आणि परत आल्यावर नाश्ता नको म्हणता. फिरून आलेल्या माणसाला भूक लागत नसेल तर तो वाटेत कुठेतरी बसलेला असतो. मी ताईला काही बोललेलो नाही. (अजून.) हे सगळं फोनवर न सांगता हातानं लिहितो आहे याचं नवल करू नका. फोनवर कोण कोण कान लावून बसलेलं असतं ते सांगता येत नाही. परवा मी हिला नुसतं म्हटलं की चपला झिजल्या, तर घटकाभरात फोनवर चपलांच्या जाहिराती हजर! पत्राचं पाकीट निदान फोडावं तरी लागतं, आणि फोडलेलं पाकीट मला कळतं.

तुम्हाला माझा स्वभाव ठाऊक आहेच. वजनमापं खात्यात निरीक्षक म्हणून उभा जन्म काढला. तागडीच्या पारड्याखाली चिकटवलेलं मेण, वजनाच्या पोटातून काढून घेतलेलं शिसं, दुधाच्या मापाचा आतून वर आलेला तळ, हे सगळं मी नुसत्या नजरेनं ओळखत असे. दुकानदार हसून 'या साहेब' म्हणाला की मी आधी त्याचा अंगठा कुठे आहे ते बघायचो. ताई म्हणते की तुमच्या लग्नात मी तुमच्याकडेही तसाच बघत होतो. बघत होतो. पण ते जाऊ द्या, सांगायचं ते वेगळंच आहे, आणि ते तुम्ही शांतपणे वाचावं अशी विनंती आहे. (मध्येच उठून फिरायला जाऊ नये.)

हिच्या डोळ्यांचं तुम्हाला माहीत आहे. नजरेचा मधला भाग पुसट झालाय, कडेचं तेवढं दिसतं. म्हणजे समोर उभा असलेला मी तिला दिसत नाही, पण बाजूनं हळूच साखरेच्या डब्यात हात घालणारा मी बरोबर दिसतो. छापील पुस्तकं तर बंदच झाली. आता ही म्हणजे कशी वाचणारी, ते तुम्ही पाहिलं आहे. लग्न झाल्यापासून आमच्या घरात भाजी करपली ती फक्त पुस्तकापायी. पुस्तक बंद झाल्यावर ती खिडकीपाशी नुसती बसून राहायची आणि मला ते बघवत नसे. तेव्हा मुलानं एक पाटी आणून दिली. (तो तिला दुसरंच काही म्हणतो, पण काळी आहे, चौकोनी आहे आणि पुसली जाते, म्हणून आम्ही पाटीच म्हणतो.) त्या पाटीवर सार्वजनिक वाचनालयातली डिजिटल पुस्तकं येतात, सभासदाला फुकट, आणि अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. फुकट हा शब्द ऐकल्याबरोबर मला कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटलं, पण ही इतकी खूश झाली की मी गप्प बसलो.

तिनं एक तीन भागांची कादंबरी धरली. नावा बांधणाऱ्या एका घराण्याची आहे. त्यातली थोरली मुलगी पहिल्या भागात बापाशी भांडून घर सोडते, आणि बाप म्हणतो की आता तू आलीस तरी मी फाटक उघडणार नाही. मी कादंबऱ्या वाचत नाही हे तुम्हाला माहीतच आहे. ज्या माणसांचा पत्ता नाही, त्यांच्याबद्दल इतकी खात्रीनं दिलेली माहिती मला पचत नाही. मी आपला हिच्या शेजारी पान पुढे सरकवायला बसायचो, कारण तिचं बोट कधी कधी भलतीकडेच पडे. बसल्या बसल्या नजर जाणारच. त्यातला धाकटा जावई मला पहिल्या दिवसापासून आवडला नव्हता. आता तुम्हाला एक गंमत सांगतो. सुरुवातीला पाटीवर दहा-बारा ओळी मावत. मग पाच. तिसऱ्या भागात आम्ही आलो तोवर एकच शब्द मावायला लागला, तोही लांबलचक असला तर अर्धा. हिनं अक्षर वाढवावं आणि तरी तिला ते बारीकच दिसावं! माझी तर खात्री आहे की ही पुस्तकं पुरवणारी कंपनी आतून अक्षरं हळूहळू बारीक करत आणते. दुधाच्या मापाचा तळ वर आणायचे, त्यातलाच हा प्रकार. ही मात्र म्हणे, माझा हात भरून आलाय, तेवढं तुम्हीच वाचा ना मोठ्यानं. (हात भरून येण्यासारखं काय आहे त्या पाटीत? पण वाचलं. थोडं थोडं करत बरंच वाचलं.)

तर या पुस्तकांना मुदत असते. मुदत भरली की पुस्तक पाटीवरून आपोआप उडून वाचनालयात परत जातं, विचारत नाही, सांगत नाही. आमचं वाचन सावकाशीचं, त्यामुळे मुदत जवळ आली आणि तिसरा भाग संपेना. मी विचार केला, हे उडतं कुठून? तर इंटरनेटवरून. मग वाटच बंद केली तर? मी भिंतीवरची ती दिवे लुकलुकणारी पेटी काढली, फडक्यात गुंडाळली आणि पिठाच्या डब्यात तळाशी ठेवून दिली. आणि काय सांगू, मुदत उलटली तरी पुस्तक जागच्या जागी! मी इतक्या चोऱ्या पकडल्या, पण स्वतः केलेली पहिलीच इतकी बिनबोभाट झाली याचा मला जरा अभिमानच वाटला. थोरली हातात एक पिशवी घेऊन घरी परत निघाली होती. रविवारी दुपारी ती फाटकापर्यंत आली. आत बापाच्या खोलीत दिवा होता. आणि नेमका त्याच रविवारी मुलगा जेवायला आला.

त्याला सामना बघायचा होता. इंटरनेट का नाही म्हणून त्यानं घरभर शोधलं, भिंतीवर पेटी नाही, कपाटावर नाही. मी वर्तमानपत्र उलटं धरून वाचत होतो. सुनेनं पोळ्यांसाठी पीठ काढायला डबा उघडला आणि तिच्या हाताला वायर लागली. पुढचं सांगत नाही. पेटी भिंतीवर लागली, हिरवा दिवा लागला, आणि इकडे माझ्या डोळ्यांदेखत फाटक, थोरली, पिशवी, दिवा सगळं नाहीसं होऊन पाटीवर एक ओळ आली की या पुस्तकाची मुदत संपली आहे. ही म्हणाली, 'अहो, थांबलात का? वाचा की पुढे.' त्या क्षणी मला इतकं वाईट वाटलं भावोजी, की मी मुलाच्या अंगावर ओरडलो. सून अजून माझ्याशी मोजकंच बोलते. (पण तिनं नेमका त्याच वेळी डबा का उघडला, हा प्रश्न उरतोच. तयार पीठ वरच्या फळीवर होतं.)

सोमवारी मी वाचनालयात. जिना चढून गेलं की समोर लाकडी टेबल, काचेखाली पिवळ्या पडलेल्या सूचना, बाजूला वर्तमानपत्रं काठ्यांत अडकवलेली, आणि टेबलामागे ग्रंथपाल बाई. मी तिला हळूबाई म्हणतो, कारण तुम्ही तोंड उघडायच्या आत ती 'हळू' म्हणते. मी तिला सांगितलं, पुस्तक परत द्या, आमची थोडीच पानं राहिली आहेत. ती म्हणाली, पुस्तक बाहेर गेलंय, तुमच्या आधी रांगेत बरेच जण आहेत. बाहेर? जे पुस्तक हवेतून येतं आणि हवेतून जातं, ते बाहेर जाऊन बसतं कुठे? मी टेबलाखाली वाकून पाहिलं. (तिथे तिची नवी कोरी पर्स होती. चांगली महागाची होती. वाचनालयाच्या पगारात?) ती म्हणाली, कंपनीनं आम्हाला एकच प्रत दिली आहे, एका वेळी एकाच माणसानं वाचायची असं बंधन आहे. माझे कान टवकारले गेले. चांगला माल मागे दडवून ठेवायचा आणि गिऱ्हाइकाला 'संपला' म्हणायचं, हे मी काही कालपरवा पहिल्यांदा पाहिलेलं नाही.

घरी येऊन मी माझी पितळी वजनं काढली. निवृत्तीच्या वेळी खात्यानं एक संच भेट दिला होता, अगदी बिनचूक आहे. शेजारच्या सोनाराकडून काटा मागून आणला. (त्याचा काटा आधी तपासला. थोडा त्याच्या बाजूला झुकतो, त्याला तसं सांगितलं, आता त्याचंही बोलणं बंद आहे.) पुस्तक नसलेली पाटी तोलली. मग हिच्यासाठी एक दुसरंच पुस्तक उतरवून घेतलं, जाडजूड, आणि पाटी पुन्हा तोलली. गुंजभरही फरक नाही! काटा, वजनं आणि पाटी तिन्ही पिशवीत घालून मी हळूबाईपुढे नेऊन मांडली आणि विचारलं की ज्या मालाला वजन नाही, जो कितीही जणांना दिला तरी संपत नाही, त्याची टंचाई कशी काय? पेपर वाचणारे सगळे उठून टेबलाभोवती जमले. भावोजी, मला वाटलं आता ती रडणार. तर तिनं टेबलावरच्या संगणकाचं तोंड माझ्याकडे वळवलं आणि म्हणाली, बसा, एकदा तुम्हीच बघा.

मी पाहिलं ते असं. तुम्ही-आम्ही दुकानातून तेच डिजिटल पुस्तक घेतलं तर एक भाव. वाचनालयानं घेतलं तर त्याच्या पाचपट. बरं, पाचपट देऊनही ते वाचनालयाचं होत नाही. दोन वर्षांनी ते गडप होतं आणि पुन्हा पहिल्यापासून पैसे भरायचे. म्हणजे हे विकत घेणं नाही, भाड्यानं राहणं आहे, आणि घरमालक मनात येईल तेव्हा भाडं वाढवतो. मी तिला म्हटलं, मग ज्या माणसाकडे आत्ता पुस्तक आहे त्याच्यानंतर आमचा नंबर लागेल ना? ती म्हणाली, त्याच्यानंतर कुणाचाच लागणार नाही, या महिनाअखेर त्या तिसऱ्या भागाची दोन वर्षं भरतात आणि नवीन घ्यायला यंदा तरतूद उरलेली नाही. बोंबला! आणि रांगेत नावं मात्र अजून लागतच आहेत. छापील घ्यावं म्हटलं तर ते छापणं कधीच बंद झालंय. वाचनालयाच्या कपाटात पहिले दोन भाग आहेत, तिसरा कुणीतरी पूर्वीच नेला तो आणलाच नाही. हिनं मला आणखी एक विचारायला सांगितलं होतं, तेही निघता निघता विचारलं, की हेच पुस्तक कुणी वाचून दाखवतंय असं, म्हणजे बोलणारं मिळतं का. हळूबाई म्हणाली मिळतं, पण त्याचं भाडं याच्याही वरताण. मी म्हटलं राहू दे, आमच्याकडे डोळे आहेत. घरी येऊन हिला सांगितलं तर ती काहीच बोलली नाही. ती गप्प बसली की काहीतरी लपवत असते. संध्याकाळी मोरीपाशी कान तुटलेला कप सापडला, तेच असणार. आठवड्यातला दुसरा.

पुढे वाचनालयाच्या समितीनं कंपनीच्या माणसाला बोलावलं आणि हळूबाईनं मलाही 'जागरूक वाचक' म्हणून बोलावलं. (तिला माझा धाक वाटतो की माझा उपयोग होतोय, हे मी अजून ठरवलेलं नाही.) कंपनीचा माणूस टाय लावून आला होता आणि फार गोड बोलत होता, त्यामुळे मी त्याच्या अंगठ्यांवर नजर ठेवून बसलो. मी विचारलं, दोन वर्षांनी पुस्तक जातं कुठे? तो म्हणाला, असं बघा, कागदी पुस्तक हाताळून झिजतं, पानं सुटतात, चहा सांडतो, मग वाचनालय नवीन प्रत घेतंच ना? तसंच हे. मी विचारलं, म्हणजे हे झिजतं? तो म्हणाला, झिजत नाही, पण झिजलं असं धरायचं. धरायचं! अहो, 'दोन वर्षांनी हा किलो पाऊण किलो झाला असं धरायचं' म्हणणारा वाणी मला भेटता तर त्याची तागडी उचलून मी कचेरीत नेली असती! मग मी विचारलं, भाव कोण ठरवतं? तो म्हणाला, वर ठरतो. मी वर पाहिलं. तिथे पंखा होता. शेवटी त्यानं एक सवलत काढली, की शंभर पुस्तकांचा एकत्र गठ्ठा घ्या, त्यात हा तिसरा भाग घालून देतो. गठ्ठ्यातली बाकीची नावं वाचली, तर वजन कमी कसं करावं आणि दुकान मोठं कसं करावं याच्यापलीकडे काही नाही. साखर हवी तर सोबत न खपलेला साबणही घ्या, ही युक्ती मी नोकरीच्या पहिल्या वर्षी पकडली होती.

मग माझा पारा चढला. मी उभा राहिलो आणि म्हणालो की फुकट कोणी मागत नाही. लिहिणाऱ्याला मिळू द्या, छापणाऱ्याला मिळू द्या, दुकानापेक्षा चार पैसे जास्त घ्या, पण एकदा दिलं की दिलं म्हणा. ज्याचे डोळे धड आहेत आणि खिसा भरलेला आहे तो जाईल दुकानात. वाचनालयात कोण येतं? माझ्या घरात एक बाई आहे, तिला मोठ्या अक्षरांशिवाय वाचता येत नाही, आणि ती त्या थोरलीबरोबर फाटकाबाहेर उभी आहे. शेवटची थोडी पानं आहेत हो! तेवढ्यासाठी तिला उभं ठेवायचं? माझा आवाज बराच चढला असावा, कारण खालच्या चहावाल्यानं जिन्यातून डोकावून पाहिलं. हळूबाई मात्र हळू म्हणाली नाही. टायवाला म्हणाला, मी आपल्या भावना वर कळवतो. समितीनं एक उपसमिती नेमली. उपसमितीत कोण कोण आहे ते विचारलं, तर त्यातल्या एकाची बायको टायवाल्याच्या गावची निघाली. लिहून ठेवलंय मी.

सध्या मी आणि हळूबाई मिळून एक अर्ज तयार करतो आहोत, त्यावर वाचकांच्या सह्या घेतो. पेपर वाचणाऱ्यांनी सगळ्यांनी केल्या, सोनारानंही केली. सून येऊन सही करून गेली, पण तोंडातून शब्द नाही. मुलगा म्हणतो, बाबा, तुम्ही अगदी पूर्वीसारखे झालात. हे त्यानं कौतुकानं म्हटलं की कसं, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. अर्जाचं काय व्हायचं ते होईल, मी सोडणार नाही. पण वर कळवलेल्या भावना खाली यायला किती काळ लागतो हे सरकारी नोकरीत मी पाहिलं आहे, आणि ही रोज संध्याकाळी विचारते की काही कळलं का थोरलीचं. ताईला नमस्कार. तुम्ही प्रकृतीला जपा, आणि सकाळी कुठे जाता ते एकदा मोकळेपणानं सांगून टाका.

आपला,
(सही वरच्या मजकुराशी ताडून पाहावी) धाकटा मेहुणा

ता.क. – एक किरकोळ गोष्ट लिहायची राहिलीच. तुमच्या काचेच्या कपाटात, दुसऱ्या फळीवर, डावीकडे, त्या नावा बांधणाऱ्यांच्या कादंबरीचे तिन्ही भाग आहेत असं कळतं. (कुणाकडून कळतं ते विचारू नये.) तुम्ही पुस्तक कुणाला देत नाही हे मला ठाऊक आहे. दिलंत तरी कव्हर घालून वाचायचं, आडवं पडून वाचायचं नाही, पान दुमडायचं नाही, दुसऱ्याला द्यायचं नाही, या तुमच्या अटी टायवाल्यापेक्षा कडक आहेत. पण तुमचं पुस्तक निदान तुमचं आहे आणि दोन वर्षांनी ते झिजलं असं तुम्ही धरत नाही. तिसरा भाग तेवढा पाठवावा. हिला छापील दिसणार नाही, मी वाचून दाखवीन. तात्पुरतं, अर्जाचा निकाल लागेपर्यंत. मला स्वतःला त्या थोरलीत काडीचा रस नाही. बाप फाटक उघडणार नाही, हे मी लिहून देतो.

ता.क. २ – पुस्तक सापडत नाही असं कळवू नये. ताई म्हणाली की परवाच फडका मारताना हाताला लागलं, आणि तिसऱ्या भागाच्या पहिल्या पानावर कुठल्यातरी वाचनालयाचा गोल शिक्का आहे. तुम्ही पूर्वी दोन वर्षं आमच्या गावी नोकरीला होता ते मला आठवतं. शिक्का कसला ते मी विचारत नाही. हळूबाईलाही बोललेलो नाही. (अजून.)

ता.क. ३ – वन्सं, हे मी लिहिते आहे. ओळी तिरक्या गेल्या असतील, सांभाळून घ्या. ह्यांनी पाकिटाला डिंक लावला आणि तिकीट आणायला खाली गेले, तो वाळायच्या आत मी उघडलंय. पत्रात काय आहे ते मला माहीत आहे, कारण फोनवर कुणी ऐकेल म्हणून हे लिहितात आणि लिहिताना मोठमोठ्यानं बोलतात. भावोजींना सांगा, तिन्ही भाग पाठवा आणि दुसरंही काही चांगलं असेल तर पाठवा. कंपनी अक्षरं बारीक करत नाही हो. केवढीही मोठी केली तरी आता मला ती दिसत नाहीत. डॉक्टरांना ठाऊक आहे, ह्यांना नाही. तिसरा भाग मी वाचलाच नाही, नुसती पाटी धरून बसायचे आणि हे वाचायचे. वाचतात भयंकर, प्रत्येक माणूस चोर असल्यासारखा, पण मला त्यांचाच आवाज हवा आहे. साऱ्या जगावर संशय घेतला, माझ्यावर तेवढा घ्यायचा राहिला. मी सांगणार आहे त्यांना. थोरली एकदा घरात गेली की सांगेन.